ओळखीचा दगड

आमच्या तलावाच्या बांधावर शहरातल्या कुठल्याशा हौशी मंडळाने एक पाटी लावली आहे. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, वर दोन करकोच्यांचं चित्र आणि खाली माझ्या सासऱ्यांची थोरवी. तलाव आता राखीव झाला. हिवाळ्यात गळ्यात दुर्बिणी अडकवून मुलं-मुली येतात, पाखरं बघतात आणि जाताना त्या पाटीपाशी उभं राहून फोटो काढतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पाटीवर लिहिलंय की या गावच्या पाटलांनी जन्मभर पाखरांवर माया केली आणि कधी एका पाखरावर साधा खडासुद्धा उचलला नाही.

हे साफ खोटं आहे. चष्मा घरी राहिला होता, नातवाने वाचून दाखवलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, ती अजून उतरलेली नाही. सासरा माझा होता. त्याच्या घरात मी राबले, त्याचा आरडाओरडा मी ऐकला, त्याच्यापुढे भाकरी मी आदळली. त्याने काय उचललं आणि काय नाही, ते मला विचारायला नको होतं का? कुणी विचारलं नाही, म्हणून मीच लिहिते.

मामंजी उंच, काटकुळे आणि भयंकर तापट होते. गावची पोलीस पाटीलकी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. वेशीत उभं राहून ते कुणाला झापू लागले की अर्धं गाव आपापल्या घरात शिरायचं. मात्र तलावाच्या बांधावर चढले की हाच माणूस कुजबुजत बोलायचा. सोबत कुणी असेल आणि तो नुसता खाकरला तरी मामंजी तोंडावर बोट ठेवून म्हणायचे, "आवाज बंद." घरात सासूबाई काही बोलायला लागल्या तरी हेच ऐकवायचे, "आवाज बंद." बिचाऱ्या सासूबाई जन्मभर पाखरांच्या वाटणीची शांतता पाळत राहिल्या.

आमचं लग्न मार्गशीर्षात माझ्या माहेरी, कुंभार पिंपळगावला लागलं. अक्षता पडल्या आणि सासरा गायब. वरबापाचा मान द्यायला माझे वडील पागोटं घेऊन उभे आणि मान घेणारा जागेवर नाही. वऱ्हाड रुसलं की काय म्हणून माझी आई रडकुंडीला आली. शेवटी मामंजी सापडले गावाबाहेरच्या डबक्यावर, एका ढोकरी बगळीसमोर उकिडवे बसलेले. आणायला गेलेल्या माझ्या चुलत्याला म्हणाले, "जरा थांबा, तिनं मासा धरला की आलो." तिने मासा धरेपर्यंत पंगत खोळंबली. माझ्या आईने पुढे कित्येक वर्षं त्या ढोकरीला शिव्या घातल्या.

त्यांचं सासरचं गाव म्हणजे हेच, हसनाबादच्या बाजारापासून दोनेक कोसांवरचं. म्हणजे माझं सासर, त्यांचं घर. रागात लिहिताना असं होतं. आमचं हरभऱ्याचं रान तलावाला लागून होतं आणि दसऱ्यानंतर करकोचे उतरले की त्यांना ते रान फार आवडायचं. पहिला थवा ओरडत आला की मामंजी घरात गूळ वाटायचे. लेक बाळंतपणाला आली तेव्हा वाटला नाही, पण करकोच्यांसाठी वाटला. मग खांद्यावर ती काळी घोंगडी टाकून निघायचे. त्या घोंगडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, ती धुवायची नाही, हिवाळ्यात दुसरी वापरायची नाही. पाखरं घोंगडीला ओळखतात, असं त्यांचं म्हणणं. आणि ओळखत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. इतर माणूस दिसला की करकोचे हातभर मान वर करायचे. मामंजी बांधावरून चालत गेले तरी चरायचे थांबत नसत. त्यांत एक लंगडा होता. तो दर वर्षी यायचा आणि त्यांच्यापासून बैलगाडीच्या लांबीवर येऊन हरभरा टिपायचा. आमचाच हरभरा, हे सांगायला नकोच.

पाखरांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. लांब लाल पायांचे शेकाटे चिखलात फिरतात आणि अंगाला डाग लागू देत नाहीत, म्हणून ते पटवारी. रुंद चोचीची बदकं मान वर न करता पाण्यावर चोच फिरवत राहतात, म्हणून ते कारकून. गावचा खरा पटवारी भेटला की मामंजी त्याच्या पायांकडे बघून गालात हसायचे आणि तो बिचारा धोतर सारखं करायचा.

नवी नवरी म्हणून मला पहिल्याच हिवाळ्यात राखणीला रानातल्या माळ्यावर बसवलं. एका बाजूला ज्वारी, दुसऱ्या बाजूला हरभरा. गोफण मला माहेरपासून चांगली चालवता यायची. ज्वारीवरचे पोपट मी हाकलले आणि मग करकोच्यांकडे वळून गोफण फिरवली, तोच मागून आवाज आला.

"कोन हाय ते? गोफण खाली ठेव."

मी डोक्यावरचा पदर ओढला. "मामंजी, हरभरा खाऊन राह्यलेत."

"मंग खाऊ दे. पाव्हणे हायेत ते. तुझ्या माहेरचे आल्ते तवा मी भाकरी मोजल्या व्हत्या का?"

ज्वारीवर पोपट आला की गोफण, हरभऱ्यात करकोचा आला की हात बांधून बसायचं. शेजारच्या रानात कुणी बुजगावणं उभं केलं तर मामंजी ते स्वतः उपटून टाकायचे आणि वर भांडायचे. "हाकलायचं तर समोर हुभं राहून हाकला. पाखराला फसवायचं न्हाई. बिलकुल न्हाई." त्या शेतकऱ्याच्या घरात त्या वर्षी हरभरा कमी येणार, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा येत नसे. मला त्यांचा राग यायचा तो तेव्हापासून.

पण खरा राग वेगळा. आमचं गाव जहागिरीचं. दर पौषात जहागीरदाराचे पाहुणे हैद्राबादेहून शिकारीला येत. आमराईत तंबू पडत, गावातून दूध, कोंबड्या, कडबा फुकट जाई आणि माणसं वेठीला धरली जात. पहाटे माणसांनी तलावात छातीभर पाण्यात उभं राहायचं, लव्हाळ्यातून पाखरं उठवायची आणि बार झाले की पडलेली पाखरं पोहत जाऊन आणायची. पौषातलं पाणी म्हणजे हाडं गोठवणारं. वेठीची रीत अशी की, ज्या घरात चूल पेटते त्या घरातून एक माणूस. आणि ही माणसं काढून द्यायची कुणी? पाटलाने. माझ्या सासऱ्याने.

म्हणजे गंमत बघा. जो माणूस लंगड्या करकोच्यासाठी सुनेच्या हातातली गोफण काढून घेतो, तोच वेशीत उभा राहून कुणी पाण्यात उतरायचं त्यांची नावं पुकारतो. शिकारीच्या दिवसांत ते जेवत नसत, बार ऐकू आला की कानावर हात ठेवून ओसरीत बसत. पाखरांसाठी. पाण्यातल्या माणसांसाठी बसत असतील, असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही.

रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या थोडं आधीचा तो हिवाळा. भोयांच्या आळीतला लिंबाजी सकाळभर पाण्यात उभा राहिला, संध्याकाळी त्याला ताप भरला, छाती वाजायला लागली आणि आठवडा उलटायच्या आत तो गेला. त्याची बायको कौसा माझ्याच वयाची, आमच्या रानात निंदायला यायची, माझ्याशी हसून-खेळून असायची. तिच्या पोटात तेव्हा पोर होतं. मामंजी मातीला गेले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच घोंगडी घेऊन तलावावर. त्या दुपारी मी त्यांच्यापुढे भाकरी आदळली. ती ताटातून खाली पडली. सासूबाईंचा जीव घाबरला. मामंजींनी भाकरी उचलली, झटकली आणि खाल्ली.

पुढच्या पौषाच्या तोंडावर जहागिरीचा कारभारी घोड्यावरून आला. मी ओसरीच्या आत दाराआड होते, सगळं ऐकत होते.

"पटेल, हुजूर के बड़े मेहमान आ रहे इस बार. घरटी एक आदमी बराबर होना."

"हुईल," मामंजी म्हणाले. "लिंबाजी भोयाचं घर सोडून. तिथं आता बाप्या न्हाई. बाई हाय, तान्हं लेकरू हाय."

कारभारी हसला. "चूल्हा तो जलता है ना? बाप्या न्हाई तर बाई. तुम एक घर छोडेंगे तो कल दस घर बोलेंगे."

घोडा निघून गेला. मामंजी नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसा आमच्या अंगणात येऊन बसली. मांडीवर पोरगी, ती रडून रडून निळी पडलेली. मी गूळपाणी घेऊन गेले, तर ते तिने हातात घेतलं आणि मामंजींना म्हणाली, "पाटील, म्या चूल इझवली."

"म्हंजी?"

"कालपास्नं पेटवली न्हाई. धूर न्हाई, चूल न्हाई. आता तर माझं नाव येणार न्हाई ना? शिकार होईस्तोर पेटवणार न्हाई."

ती उपाशी होती, म्हणून अंगावर दूध नव्हतं, म्हणून पोरगी रडत होती. वेठीतून सुटायला बाईने आपली चूल विझवली होती. शेजारणीकडून भाकरी घ्यायलाही भीत होती, कुणी सांगेल की हिच्या घरी अन्न शिजतं म्हणून. मामंजी तोंड फिरवून तलावाकडे बघायला लागले, आणि मग माझा तोल गेला. पदर सावरत मी सासऱ्यासमोर उभी राहिले.

"तिकडं काय बघून राह्यले, मामंजी? इकडं बघा. तुमच्या पाव्हण्यांनी हिचा नवरा खाल्ला. आता हिला खातील. ते उतरतात म्हणून बंदूकवाले येतात. ते न्हाई आले तर कोन येतंय इथं तंबू ठोकायला?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी वाट बघत होते 'आवाज बंद'ची. ते म्हणालेच नाहीत. कौसाला म्हणाले, "घरी जा अन् चूल पेटव. धूर निघू दे." आणि आत जाऊन त्यांनी खुंटीवरची माझी गोफण काढली.

माझे हे, म्हणजे मालक, त्यांच्या मागे धावले. बापाचा जीव कशात आहे ते त्यांना माहीत होतं. म्हणाले, "दादा, द्या इकडं. मी हाकलतो. चार पोरं घेतो संग, दोन दिसात तलाव मोकळा करतो."

"तू हाकलशील," मामंजी म्हणाले, "तर उडतील, एक गिरकी मारतील अन् परत येतील. परक्याचा दगड पाखराला रोजचाच हाय. ओळखीच्यानं हाणला तरच जातील."

घोंगडी खांद्यावर टाकून ते निघाले. मी राखणीच्या निमित्ताने माळ्यावर जाऊन बसले, म्हणून मला सगळं दिसलं.

करकोचे हरभऱ्यात होते. मामंजी नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या चालीने गेले. पाखरांनी मान वर केली नाही. त्यांनी गोफण फिरवली आणि पहिला दगड थव्याच्या कडेला पडला. जवळचे दोन-चार बाजूला सरकले आणि पुन्हा चरायला लागले. दुसरा दगड, तेच. त्यांना वाटतच नव्हतं की हा माणूस आपल्याला मारेल. मामंजींनी गोफण खाली केली. मला वाटलं, आता हे घरी फिरतात.

मग त्यांनी तिसरा दगड लावला आणि समोरच उभ्या असलेल्या लंगड्याला हाणला. तो आडवा पडला, एक पंख मातीवर आपटत राहिला, आणि तेव्हा कुठे सगळा थवा ओरडत उठला. तो आवाज मी कधी विसरणार नाही. त्यांनी तलावावर गिरकी घेतली, पुन्हा उतरायला आले, आणि मामंजी बांधावर धावत, घोंगडी उघडी धरून, ओरडत, दगड मारत सुटले. जन्मभर जिथे कुजबुजले, तिथे ओरडत होते. बदकं उठली, कारकून उठले, पटवारी उठले. संध्याकाळी पुन्हा गेले, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा. गावातली माणसं बांधाखाली जमून हसत होती. कुणी म्हणे पाटील येडा झाला, कुणी म्हणे त्याला बाधा झाली. मला त्या हसणाऱ्यांच्या थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या, कारण त्यांचीच हाडं वाचवायला तो म्हातारा धावत होता. आठवड्याभरात तलावावर एक पाखरू उरलं नाही. लंगड्याला त्यांनी हरभऱ्याच्या रानात पुरलं, खड्डा स्वतः खणला.

तंबू पडले. पाहुणे पहाटे बंदुका घेऊन उतरले आणि तलाव रिकामा. कारभाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे. "कुलंग कुठं गेले, पटेल?" करकोच्यांना तो कुलंग म्हणायचा.

मामंजींना सांगता आलं असतं, यंदा पाखरं लवकर गेली, वाऱ्याने गेली, देवाला ठाऊक. कोण तपासणार होतं? पण ज्या माणसाला बुजगावणं खपत नव्हतं, त्याला हेही खपलं नाही. ते म्हणाले, "म्या हाकलले."

त्याची शिक्षा म्हणून कारभाऱ्याने त्यांना कपडे काढायला लावले आणि कौसाच्या घराच्या वाटणीचं पाणी त्यांना दिलं. सूर्य डोक्यावर येईपर्यंत ते छातीभर पाण्यात उभे होते. पाहुणे खुर्च्यांवर बसून चहा पीत होते. माझे हे धावत गेले तर शिपायांनी अडवलं. पाटीलकी भावकीतल्या दुसऱ्याकडे गेली. मामंजींना जो खोकला लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही. पण तंबू दोन दिवसांत उठले. पुढच्या वर्षी जहागीरदार शिकारीला दुसऱ्याच तलावावर गेला आणि पाठोपाठ पोलीस ॲक्शन झाली, वेठ संपली. मामंजी पाण्यात उभे होते त्या सकाळीही कौसाच्या घरातून धूर निघत होता. मी मुद्दाम जाऊन बघून आले होते.

पाखरं परत आली, तो वेठ संपल्यानंतरचा हिवाळा. पहिला थवा ऐकू आला तेव्हा मामंजी अंगणात होते. गूळ वाटला नाही. घोंगडी घेऊन बांधावर गेले आणि ते दिसताच अख्खा तलाव उठला. दुसऱ्या दिवशी घोंगडी मला देऊन म्हणाले, "ही जाळून टाक," आणि थंडीत नुसत्या उपरण्यावर गेले. तरी उठला. इतर माणसं बांधावरून जात होती, बैल जात होते, कुणाला काही नाही. त्यांची चाल ओळखत होती पाखरं.

त्यानंतर ते गेले नाहीत. ओसरीत बसून खोकत राहायचे आणि मी रानातून आले की विचारायचे, "आल्ते का गं? किती जवळ आल्ते?" मी सांगायची. अगदी जवळ आल्ते, मामंजी. मग ते तलावाकडे पाठ करून पडून राहायचे. मला तेव्हाही राग यायचा, पाखरांचासुद्धा यायचा. एवढी शहाणी पाखरं, एवढं कसं कळत नाही?

तर अशा माणसाच्या नावाने लिहितात, कधी खडा उचलला नाही. जणू तो कुणी गोड म्हातारा होता आणि मजेत पाखरं बघत बसला होता. पाटीच्या उद्घाटनाला कौसाची ती पोरगी आली होती. आता तिला नातवंडं आहेत. मागे मातीत बसली होती, तिला कुणी पुढे बोलावलं नाही, तिचा याच्याशी काय संबंध हे कुणाला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी विळा घेऊन बांधावर गेले आणि ती एक ओळ खरवडून काढली. वरची-खालची अक्षरं तशीच ठेवली.

आठवड्याने मंडळाचा तरुण पोरगा घरी आला. चांगला मुलगा आहे, पाया पडतो. म्हणाला, "आजी, पाटी कुणीतरी खराब केली."

"मी केली."

मग मी त्याला बसवलं आणि हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "पण आजी, पाखरांच्या तलावावर असं कसं लिहायचं? त्यांनी दगड मारला म्हणून? लोकांना काय वाटेल?"

"काय वाटायचं ते वाटू दे," मी म्हणाले. "पाटलाने आपल्या ओळखीच्या पाखराला दगड मारला आणि कौसाची चूल पेटती राहिली, एवढंच लिही."

विचार करतो म्हणाला. जागा अजून कोरी आहे. तिथे पुन्हा भलतंसलतं काही रंगवलंच, तर विळा मी धार लावून ठेवला आहे.